तुळईखालचे गोटे

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक पहिल्या भेटीत जे सांगतं ते नीट ऐकून घ्यायचं आणि विसरून जायचं. घर बांधायला निघालेला माणूस सुरुवातीला कुणा दुसऱ्याच्याच घराबद्दल बोलत असतो. अकोल्याच्या एका वकीलसाहेबांनी माझ्यासमोर आगबोटीचं चित्र ठेवलं आणि गच्चीला तसलाच कठडा, तसल्याच गोल खिडक्या मागितल्या. समोर आमची मोर्णा नदी, दसरा उलटला की घोटाभर पाणी. मी बांधून दिलं. एका देशमुखांनी साखळी ओढली की पाणी पडणारा संडास करून घेतला आणि त्याला कुलूप लावलं. पाहुणे आले की कुलूप काढून साखळी ओढून दाखवायचे आणि स्वतः मात्र लोटा घेऊन नाल्याकडे जायचे. अशा लोकांच्या जिवावर मी उभा जन्म पोट भरलं, तेव्हा त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण माझ्या हातून झालेलं सगळ्यांत चांगलं घर कुठलं, असं कुणी विचारलं तर मी जरा घुटमळतो. ते घर अकोल्यात नाही, अमरावतीत नाही. जऊळक्याच्या स्टेशनवर उतरून दमणीनं जंगलात शिरायचं आणि पुढं चढण लागली की बैलांची दया येऊन पायउतार व्हायचं, अशा जागी ते आहे. माझ्या बरोबरीच्या कुणी ते पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलं ते त्याबद्दल फारसं बोलत नाहीत, आणि इतकी वर्षं मीही बोललो नव्हतो.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. सिमेंट अजून मागाल तेवढं मिळत होतं. वाशीमचे युसूफसेठ माझ्याकडे आले. जंगलातल्या लाकडाचे ठेके घेणारा हा माणूस, अंगापिंडानं थोराड, आवाज मात्र मऊ. मुंबईला जाऊन आले होते आणि तिकडची सपाट छपरांची, कोपऱ्याला खिडक्या असलेली घरं त्यांच्या मनात भरली होती. असं घर त्यांना डोंगराच्या उतारावर, सागाच्या जंगलात हवं होतं. मी मनातल्या मनात उडी मारली. सपाट प्लॉटवर चौकोनी खोल्या मांडून मी कंटाळलो होतो.

उतारावर बांधायचं म्हणजे काय ते थोडं सांगतो. सपाट जागी घराचं वजन सरळ खाली जातं. उतारावर डोंगर मागून ढकलत असतो, आणि पावसाळ्यात तर पाणी प्यायलेली माती दुप्पट जोरानं ढकलते. म्हणून लोक सहसा डोंगर कापून पायरी करतात, मागं माती अडवायची भिंत घालतात आणि त्या पायरीवर घर बसवतात. मीही पहिला नकाशा तसाच केला. सेठनी तो पाहिला आणि एका जागी बोट ठेवलं. म्हणाले, इथं कुदळ लागायची नाही. घर मात्र इथंच पाहिजे.

त्या जागी काय आहे ते पाहायला आम्ही दोघं गेलो. उतारावरून एक पायवाट आडवी जात होती, स्टेशनाकडून वरच्या वस्तीकडे जाणारी. वाटेच्या कडेला एका धावड्याच्या झाडाजवळ दगडांचा ढीग होता, कमरेएवढा. ना शेंदूर, ना चादर, ना झेंडा. आमच्याकडे जंगलात वाघानं माणूस मारला की त्या जागेवरून जाणारा-येणारा एक दगड टाकून पुढं जातो. खालून येताना दगड उचलायचा, तिथं टाकायचा, मागं वळून पाहायचं नाही. हिंदू असो, मुसलमान असो, सगळे टाकतात. कशासाठी ते कुणी नीट सांगत नाही. कुणी म्हणतं मेलेला उठू नये म्हणून, कुणी म्हणतं त्याला एकटं वाटू नये म्हणून.

हा ढीग सेठच्या धाकट्या भावाचा होता. हनीफ त्याचं नाव. ठेक्याचं लाकूड मोजायला गेलेला तरुण पोरगा त्या वाटेवर वाघाला सापडला. मयत मिळालीच नाही. एक जोडा आणि फाटलेली बंडी तेवढी मिळाली. कबर नाही, म्हणून आईला तोच ढीग कबरीच्या जागी. दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, ती वाशीमहून यायची आणि ढिगाशी बसायची. आता तिचे गुडघे गेले होते, डोळेही जवळजवळ गेले होते, आणि तिनं मुलाजवळ एकच हट्ट धरला होता, की मला तिथं नेऊन ठेव. मुंबईची फॅशन सेठची होती. घर आईचं होतं.

या बाईंना सगळे बडी बी म्हणत. माहेर केनवडचं, त्यामुळं बोलणं तिकडच्या शेतकरी बायांसारखं. मी नकाशा घेऊन भेटायला गेलो. खिडक्या किती मोठ्या केल्यात, उजेड कसा येईल, ते सांगत बसलो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबू, खिडकी मले काय करायची हाये? खालचा आवाज वर येईन का?"

या एका प्रश्नावरून मी आधीचा नकाशा टाकून दिला. डोंगर कापायचाच नाही असं ठरवलं. घराची मागची बाजू उतारावर टेकवली आणि पुढची बाजू सिमेंटच्या खांबांवर हवेत उचलली. पायवाट घराखालून तशीच जाऊ दिली. डोक्यावर मोळी घेतलेली बाई न वाकता जाईल एवढी उंची ठेवली. पुढच्या दोन खांबांवर एक जाड तुळई आणि त्या तुळईच्या बरोबर खाली हनीफचा ढीग. वर बडी बीची खोली. बाकी घरात स्लॅब होता, तिच्या खोलीत मात्र सागाच्या फळ्यांची जमीन केली, फळ्या जरा सैल ठेवून, म्हणजे खाली दगड पडला तर तिला वर ऐकू यावा. वाशीमात लोकांनी पुष्कळ थट्टा केली. सेठनं घर वाळत घातलंय म्हणायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. तो नकाशा अजून माझ्याजवळ आहे आणि अजून मला तो आवडतो.

कामावर मुकादम होता देवमन, वरच्या वस्तीतला. माणसं त्याच वस्तीतली. कामाला येताना प्रत्येक जण एक दगड टाकायचा, त्यामुळं काम चालू असतानाही ढीग वाढत होता. देवमनचा त्या जागेवर फार जीव. खांबांचे पाये खणताना ढिगाला माती लागू नये म्हणून त्यानं भोवती बोरीच्या काट्या रोवल्या होत्या.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. त्या सणाला आमच्याकडे वाडवडलांना पाणी देतात आणि गावचा माणूस कामावर राहत नाही. देवमन आणि सगळी वस्ती घरी गेली. डोंगर कापला नव्हता तरी वरून घसरणारी माती अडवायला घरामागं भिंत लागणारच होती; ती बांधायला नदीपलीकडून दगडकामाची टोळी आणली होती, तेवढी मागं राहिली. ती माणसं परमुलखाची, त्यांना या चालीचं ठाऊक नव्हतं. त्यांना काट्यांच्या कुंपणात रचून ठेवलेला, हाताशी असलेला, चांगला कठीण दगड दिसला. कुणीतरी राखून ठेवलेला माल आहे असंच त्यांना वाटलं. सण संपवून आम्ही परत आलो तेव्हा भिंत छातीपर्यंत उठली होती आणि धावड्याशेजारी मोकळी जमीन होती.

देवमन त्या जागी मटकन खाली बसला. टोळीच्या मुख्य मिस्त्रीला कळलं तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं. त्यानं डोक्याचं फडकं काढून त्या जमिनीवर टाकलं आणि त्याच दुपारी टोळी घेऊन निघून गेला. मजुरीलाही थांबला नाही. सेठ आले, भिंत पाडा म्हणाले. मी त्यांना समजावलं की भिंतीमागं भराव पडलाय, पावसाळा तोंडावर आहे, आता ती पाडली तर डोंगर खाली येईल. शिवाय सगळे दगड एका मसाल्यात बसलेत, त्यातला हनीफचा कुठला आणि खाणीतला कुठला ते कोण ओळखणार? सेठ भिंतीला हात लावून उभे राहिले. त्या थोराड माणसाला मी रडताना पाहिलं ते तेव्हाच.

मग ते म्हणाले, गाडीभर दगड आणून पुन्हा ढीग रचू, अम्मीला काय कळणार आहे. देवमननं मान हलवली.

"तसा होत नाही तो, सेठ," तो म्हणाला. "एकएक गोटा एकएक मानसानं आनला पाह्यजे. राहू द्या तसंच. ज्याले यायचं हाये थो येईन."

जागा तशीच मोकळी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं दगड होते. वस्तीतल्या लोकांनी टाकले, असं मी म्हणालो आणि तसं असणारच. पुढं रोज थोडे थोडे वाढू लागले. पण वस्ती केवढी, त्या वाटेनं माणसं जाणार किती? मी एकदा देवमनला सहज विचारलं, तर तो म्हणाला की मीही तोच हिशोब करून राह्यलो साहेब, तो जुळत नाही. आम्ही हसलो. मग एका सकाळी मी ढिगाजवळ सिगारेट ओढत उभा होतो आणि माझं लक्ष एका दगडाकडे गेलं. त्याच्या एका अंगाला सिमेंटचा मसाला चिकटलेला होता. शेजारच्यालाही होता. आणखी एकाला होता.

मी सरळ भिंतीकडे गेलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवत तपासली. कुठं भोक नाही, सांधा उकललेला नाही, दगड जागचा हललेला नाही. मी स्वतःला सांगितलं की टोळीनं टाकून दिलेले, मसाला लागलेले दगड आसपास पडले असतील आणि लोकांनी ते उचलले असतील. चांगलं सरळ कारण होतं. देवमनला मात्र मी ते दगड दाखवले नाहीत, आणि त्या दिवसानंतर सूर्य कलला की मी घराखाली जायचं टाळू लागलो. का ते मी तेव्हा कबूल केलं नसतं. भीती वाटत होती.

पावसाआधी घर पुरं झालं. बडी बी राहायला आली. तिला पालखीसारखी खुर्चीत बसवून वर आणली. फळ्यांवर पाय टेकताच ती थांबली आणि कान देऊन उभी राहिली. खालून कुणी बाई मोळी घेऊन चालली होती. दगड पडल्याचा आवाज झाला, टक्क. बडी बीचा चेहरा एकदम सैल पडला. मी पुष्कळ घरं गिऱ्हाइकांच्या ताब्यात दिली, लोकांनी हार घातले, पेढे दिले. तिच्या त्या चेहऱ्याएवढं मला कुणी काही दिलं नाही.

पुढं मी अधूनमधून जायचो. घराला काय होतंय ते पाहायला, असं सांगायचो. बडी बी चहा पाजायची आणि दिवसभरात खालून कोण कोण गेलं ते पावलांवरून सांगायची. मग सांजेची नमाज झाली की ती बोलायची थांबायची. त्या वेळी वाटेवर कुणी नसायचं. जंगलात अंधार लवकर पडतो आणि वाघाच्या मुलखात दिवेलागणीला कोण फिरणार? तरी एक दगड पडायचा. मी ऐकलेला आहे. एकदाच पडायचा, आणि त्याआधी पावलांचा आवाज यायचा नाही. माझ्या हातातला कप थांबायचा. ती मात्र मग निवांत पान लावायला घ्यायची.

एकदा मी म्हणालो, बडी बी, उतारावरून दगड घरंगळत येत असतील. "येत असतीन," ती म्हणाली आणि मला सुपारी कातरून दिली.

मग एका वर्षी श्रावणात असा पाऊस लागला की जऊळक्याच्या पुढं रेल्वे बंद पडली. नाले फुटले, वाट मोडली, वरच्या वस्तीचा खालशी संबंध तुटला. सेठ वाशीमात अडकले होते. बडी बी घरात, सोबत स्वयंपाकाची एक बाई. एका दुपारी वरचा डोंगर सुटला. मागच्या भिंतीनं बराचसा थोपवला, पण बाजूनं लोंढा घुसला आणि घराखालून पार निघून गेला.

पाऊस ओसरल्यावर सेठ मला घ्यायला अकोल्याला आले. वाटेत एकच बोलत होते. "अम्मी उठून नाही राह्यली, साहेब. मी म्हणलं, घर पडते आता, चाल. तर म्हणते, नाही पडत. तुमी सांगा तिले. तुमचं ऐकीन थे." मी घर धोक्याचं आहे म्हटलं की ते आईला उचलून वाशीमला नेणार होते. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्यांना स्वतःला त्या घराची भीती वाटत होती.

आम्ही चिखलातून वर चढलो. लांबून घर तसंच दिसत होतं, पांढरं, सरळ, कोपऱ्याच्या खिडकीची काच शाबूत. मग मी खाली शिरलो. पुढचे दोन्ही खांब अधांतरी होते. त्यांच्या पायाखालची माती लोंढ्यानं नेली होती. पाया उघडा पडून हवेत लोंबत होता, खालून हात घालता येत होता. आता माझा धंदा मला काय सांगतो ते सांगतो. खांबाखाली जमीन नसली की खांब वजन घेत नाही, उलट स्वतःचं वजन तुळईला लटकवतो. ती तुळई खांबांसकट खाली यायला हवी होती. वरची खोली, फळ्या, पलंग, बडी बी, सगळं त्याच दुपारी दरीत जायला हवं होतं. माझ्या हिशोबानं मी उभा होतो त्या जागी वर घर नव्हतंच.

तुळई सरळ होती. तिच्याखाली हनीफचा ढीग होता. उन्हाळ्यात मी पाहिला तेव्हा तो माझ्या छातीपर्यंत होता. आता तो तुळईला भिडला होता.

लोंढ्यानं खांबांचे पाये उकरले होते, तिथल्या तिथं त्या सुट्या दगडांना मात्र हात लावला नव्हता. मी जवळ गेलो. फेकलेला दगड कसा पडतो ते मला ठाऊक आहे. तो घरंगळतो, कलतो. वरचे दगड तसे पडलेले नव्हते. ते बसवलेले होते. शेवटच्या फटीत पातळ चिपा ठोकल्या होत्या, मिस्त्री तुळई टेकवताना ठोकतो तशा. मी एक चीप दोन्ही हातांनी ओढून पाहिली. हलली नाही. हातोडीनं तुळईवर हलकेच ठोकलं, तर भरीव आवाज आला. चिपांच्या अंगाला सिमेंटचा जुना मसाला होता. सेठ माझ्या मागं उभे होते. त्यांनी ते सगळं पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, ते काहीतरी पुटपुटत होते, आणि त्यांनी माझी बाही घट्ट धरली होती.

आम्ही वर गेलो. बडी बी पलंगावर बसली होती. मी काय सांगणार होतो ते विसरलो आणि त्या दुपारी काय झालं ते तिलाच विचारलं.

"डोंगर आला तं घर हाललं," ती म्हणाली. "बाई रडाले लागली. मी म्हणलं चूप, आयक. खाली गोटे पडून राह्यले होते, बाबू. एकामागून एक. रोज एक पडे, त्या दिवशी हात थांबलाच नाही त्याचा. मंग हालनं बंद झालं अन् गोटेबी बंद झाले. तेव्हापासून आवाज नाही."

सेठनी विचारलं, "अम्मी, त्या पावसात कोन आलं असन?"

तिनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "माय वर बसली हाये, हे थ्याले मालूम नाही का?"

सेठनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना म्हणालो की बडी बीला हलवायची गरज नाही. माझ्या धंद्यात असलं वाक्य कुणी बोलत नाही. जे आपण स्वतः मांडलेलं नाही त्याच्यावर भरवसा ठेवून घरात माणूस ठेवायचा नाही, हे आमचं पहिलं शिक्षण. तरी मी म्हणालो, आणि आजही त्याच जागी उभा असलो तर तेच म्हणेन. मग देवमनला बोलावलं, सागाचे सोट लावून टेकू दिले, खांबांखाली खडक लागेपर्यंत खणून नवे पाये घातले. माणसं दिवसभर ढिगाला लागून काम करत होती, पण कुणाचा धक्का त्याला लागला नाही. काम चाललं असताना बडी बी वर शांत झोपायची. तिला खालून काही ऐकू येत नव्हतं आणि तिची त्याबद्दल तक्रार नव्हती.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. हिवाळ्यात एका जुमेरातीला, सकाळचं ऊन फळ्यांवर आलेलं असताना गेली. सेठचा निरोप आला तसा मी निघालो, पण पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. माणसं वाशीमला परतली होती. घरात देवमन एकटाच होता. त्यानं मला बसायला सांगितलं नाही. नुसता पुढं चालू लागला आणि मी त्याच्या मागं घराखाली गेलो.

नवे खांब आपलं वजन घेऊन ठणठणीत उभे होते. तुळई सरळ होती. ढीगही जागेवर होता, सगळा, एकही दगड इकडचा तिकडे झालेला नव्हता. फक्त तो तुळईपासून वीतभर खाली उतरला होता, आणि मधल्या फटीतून पलीकडचं जंगल दिसत होतं.